कलंकाचे शब्द गोळा करताना

कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

पुरुषापुरुषांतल्या संबंधांना कुठल्या भाषेनं काय म्हटलं आणि त्यातून बट्टा कसा लावला, हा विषय लघुप्रबंधासाठी उत्तम आहे. पण तुझा तक्ता मोडावा लागेल. डावीकडे ‘समलिंगी’ आणि उजवीकडे दहा भाषांतले प्रतिशब्द, अशी मांडणी तू केलीस. ते एकमेकांचे प्रतिशब्द नाहीतच. कुठे कृत्याला नाव आहे, कुठे कृत्यातल्या एका भूमिकेला, कुठे परक्या मुलखाला, तर कुठे रोगाला. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द केर्टबेनी या हंगेरियन लेखकानं १८६८ च्या एका पत्रात वापरला आणि १८६९ मध्ये, अशा संबंधांना शिक्षा सांगणाऱ्या प्रशिया या जर्मन राज्याच्या कलम १४३ विरुद्धच्या निनावी पत्रकात छापला. म्हणजे तो बचावासाठी घडला. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी उचलला आणि निदान म्हणून रुजवला. हा शब्द हजार-दोन हजार वर्षं मागे नेऊन लावलास की सगळा प्रबंध तिरका होतो.

म्हणून वही नको, कार्डं कर. एका शब्दाला एक कार्ड, आणि त्यावर सहा गोष्टी: मूळ लिपीतला शब्द, ज्या मजकुरात सापडला त्याचं वर्ष, मजकुराचा प्रकार (कायदा, प्रवचन, वैद्यक, शिवी, काव्य), कोण कुणाला म्हणतं, शब्द कृत्याचा की माणसाचा, आणि सोबत सांगितलेली शिक्षा. तीस कार्डं पुरे. शंभर केलीस तर निम्म्यांचं वर्ष कोरं राहील, आणि वर्ष नसलेलं कार्ड निरुपयोगी.

सगळ्यात श्रीमंत भाग परक्या मुलखाच्या नावांचा. त्याला पानं जास्त दे. जुन्या फ्रेंचमधला ‘बूग्र’ म्हणजे मुळात बल्गेरियन. बोगोमिल, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेला एक ख्रिस्ती पंथ, तिथला, म्हणून ‘बूग्र’ म्हणजे पाखंडी. आणि पाखंडी माणूस शय्येतही वाकडाच असणार या हिशेबानं पुढचा अर्थ चिकटला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात ‘बगरी’ला फाशी आली ती याच शब्दावरून. इथे हमखास चूक होते: तेराव्या शतकातला ‘बूग्र’ दिसला की लोक तो लैंगिक अर्थानं मोजतात. मागचा-पुढचा परिच्छेद वाच. बहुतेकदा तिथे धर्माचं भांडण चाललेलं असतं.

जर्मन भाषेत अशा कृत्याला फ्लॉरेन्स शहरावरून क्रियापद होतं, ‘फ्लोरेन्झेन’. फ्लॉरेन्सनं १४३२ ते १५०२ या काळात यासाठी स्वतंत्र रात्र-न्यायाधिकारी नेमले होते आणि सुमारे १७,००० माणसांची नावं त्यांच्यापुढे आली. गुन्ह्याची नोंद जिथे काटेकोर, बदनामी त्याच गावाची! १७३० मध्ये उट्रेख्टपासून खटल्यांची लाट सुरू झाली आणि डच भाषेत ‘उट्रेख्टचा माणूस’ याला तसाच अर्थ आला.

सदोमचं, म्हणजे बायबलात पापांसाठी नष्ट झालेल्या शहराचं, कार्ड स्वतंत्र ठेव. ‘सोडोमिया’ हे पापाचं भाववाचक नाव अकराव्या शतकात पेत्रुस दामियानी या ख्रिस्ती संन्याशाच्या लेखणीतून रूढ झालं. बायबलातच यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा दोष म्हणून गर्व, खाऊनपिऊन सुस्त राहणं आणि गरिबाला हात न देणं सांगितलंय, हे कार्डाच्या मागे टीप. अरबीत गंमत उलटी आहे. तिथे गावाचं नाव न घेता ‘लिवात’ आणि ‘लूती’ हे शब्द लूत या पैगंबराच्या नावावरून आले, म्हणजे ज्यानं त्या लोकांना बजावलं त्याच्याच नावावरून. फारसीत ‘लूती’ पुढे गल्लीतल्या दिलदार दांडग्यालाही म्हणू लागले, तेव्हा फारसी मजकुरात नुसता शब्द पाहून अर्थ ठरवू नकोस.

काही भाषांनी नाव न घेणं हेच नाव केलं. लॅटिनमध्ये ‘अवाच्य पाप’, जर्मनमध्ये ‘मुकं पाप’. हिंदुस्थानच्या दंडसंहितेच्या मेकॉलेनं केलेल्या १८३७ च्या मसुद्यात यासाठी कलम ३६१ आणि ३६२ होती, पण या विषयाची जाहीर चर्चा होईल असं काही लिहायला आपण तयार नाही, असं म्हणून टीपेत खुलासाच टाळला. मग १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आलं: ‘निसर्गक्रमाविरुद्ध’. दप्तरात शोधताना याचा त्रास होतो. सूचीत ‘समलिंगी’ शोधून काही मिळणार नाही. ‘अनैसर्गिक’ आणि कलमाचा आकडा, या दोन वाटांनी जा. आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होतं, हे विसरू नकोस. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. पुराभिलेखागारात बसशील तेव्हा दरबारचे हुकूम आधी काढ, फौजदारी निकाल नंतर.

संस्कृतकडे वळताना भाषांतरं बाजूला ठेव. ‘क्लीब’, ‘षंढ’, ‘नपुंसक’, ‘पंडक’ या सगळ्यांना सरसकट ‘गे’ लिहिणारी पुस्तकं आहेत, त्यांच्यावर विसंबू नकोस. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे पाच प्रकार आहेत. ही वर्गवारी वैद्यकाची आहे, दंडाची नव्हे. दंड बघायचा तर कौटिल्य: पहिला साहसदंड, म्हणजे ‘पण’ या तेव्हाच्या नाण्यात ४८ ते ९६ पण. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एका श्लोकात पुरुषाशी मैथुन जातिभ्रंशकर, म्हणजे जात घालवणारं, म्हटलंय, आणि त्याच अध्यायात पुढे द्विजाला प्रायश्चित्त सांगितलंय ते वस्त्रांसह स्नानाचं. दोन्ही श्लोक शेजारी ठेव. एकच उचलणारे दोन्ही पक्षांत भरपूर आहेत. आवृत्तीगणिक श्लोकांक एकानं पुढे-मागे होतो, म्हणून आवृत्तीचं नाव लिहायचंच.

मराठीसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश एकत्र उघड. त्या काळचे इंग्रज कोशकार अडचणीच्या जागी लॅटिनमध्ये सरकतात किंवा नुसतं ‘शिवी’ म्हणून मोकळे होतात. तसं दिसलं तर तेही कार्डावर नोंदव. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचे (१९२७ ते १९५३) अंक मिळाले तर वाचकांची प्रश्नोत्तरं आधी वाच. या मासिकावरच्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते.

बोलीतले शब्द तालमीत, कट्ट्यावर मिळतील: बायल्या, नामर्द, छक्का. यांत कृत्याचा पत्ताच नाही, ‘पुरुष म्हणून उणा’ एवढाच ठपका आहे. रोमन लोकांचा ‘किनाएदुस’, म्हणजे बायकी ठरवलेला पुरुष, असाच. दोघांतल्या एकालाच डाग, दुसरा नामानिराळा. ‘तुम्ही हा शब्द वापरता का?’ असं विचारू नकोस, लोक नाहीच म्हणतात. ‘हा कुणाला म्हणतात, रागात की चेष्टेत?’ असं विचार. परवानगीशिवाय मोबाइलवर ध्वनिमुद्रण नको. नाव, पेठ, तालीम यातलं काही कार्डावर नको. वय आणि व्यवसाय पुरे. ‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष), ‘पंथी’ (त्याचा मर्दानी जोडीदार) हे समलिंगी मंडळींचे आपसातले शब्द आहेत, ते शिव्यांच्या गठ्ठ्यात घालू नकोस. आणि सौंदत्तीला जाणारा जोगता दिसला म्हणून त्याला या तक्त्यात ओढायचं नाही. ती यल्लम्माच्या नावानं घेतलेली दीक्षा आहे. त्यातला कोण कुणाशी संबंध ठेवतो हे त्या शब्दात नाही.

शेवटच्या प्रकरणासाठी वर्तमानपत्रं. कलम ३७७ वरच्या निकालांच्या तारखा २ जुलै २००९, ११ डिसेंबर २०१३ आणि ६ सप्टेंबर २०१८. प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांचे कोल्हापूरचे अंक काढ आणि ‘अनैसर्गिक’, ‘समलैंगिक’, ‘समलिंगी’ हे तीन शब्द वेगवेगळे मोज: मथळ्यात किती, बातमीत किती, वाचकांच्या पत्रात किती. अग्रलेख वेगळे मोज, ते एका माणसाच्या हातचे असतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ३७७ ला जोड कलमच नाही, म्हणून त्या आठवड्याचेही अंक घे. आकडे झाले की कार्डांसोबत पाठव. कार्डं वर्षवारीनं लावलेली हवीत, अकारविल्हे नकोत.

तुझा,
मार्गदर्शक