जुन्या पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) नुसतं आरएस-485 या सिरियल वायरवरचं मॉडबस (मशीनांची आपसात बोलायची भाषा) आहे, इथरनेटवर कसं आणू?

पीएलसी बदलायची गरज नाही भाऊ, मॉडबस आरटीयू (सिरियल वायरवरचं) ते टीसीपी (इथरनेटवरचं) बदलणारा गेटवे लाव, पण साधा सिरियल कन्व्हर्टर उचलून आणू नको, तो नुसते बाइट पुढे ढकलतो, प्रोटोकॉल बदलत नाही. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायची सेटिंग) पीएलसीत आहे तीच गेटवेत टाक, स्काडात (मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) गेटवेचा आयपी, पोर्ट 502 अन् पीएलसीचा स्लेव्ह आयडी (लाइनवरचा त्याचा नंबर). आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये दोन दिवस टाइमआउट येत होता, शेवटी काय तर ए-बी वायरी उलट्या! एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असतो, म्हणून आधी अदलाबदल करून बघ. लाइन लांब असली तर दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर. अन् पोलिंग (पीएलसीला सारखं डेटा विचारणं) जरा हळू ठेव, पुढे इथरनेट कितीही पळो, मागे वायर 9600 बॉडचीच आहे ना.