प्रश्न तुमचे : ‘समजलं का?’वर सगळा वर्ग ‘हो बाई’च म्हणतो

प्रश्न : दुसरीतला एक मुलगा ‘गणिताची वही काढा, नवं पान घ्या, तारीख घाला’ म्हटलं की आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग त्याच्यासारखं करतो. एकट्याला सांगितलं तर माझे शेवटचे एकदोन शब्द परत म्हणतो. याचं लक्ष नाही, की याला समजत नाही?
– शिक्षिका, जि. प. शाळा, सातारा जिल्हा

उत्तर : लक्ष नसतं तर तो शेजाऱ्याकडेही बघत बसला नसता. ऐकलेलं पुरतं उमगत नाही म्हणून त्याने ही वाट शोधली आहे, असं धरून चाला आणि आठवडाभर तपासून बघा. हातवारे न करता, नजर न वळवता आणि अंदाजाने करता येणार नाहीत अशा सूचना द्या. ‘पेन्सिल कंपासमध्ये ठेव’ ही सूचना चालणार नाही, कारण पेन्सिल तिथेच जाते हे त्याला ठाऊक आहे. ‘पेन्सिल पुस्तकाखाली ठेव आणि खोडरबर मला दे’ ही चालेल. एका कृतीच्या पाच सूचना, मग दोन कृतींच्या पाच, मग तीनच्या. कुठे गाडी अडते ते लिहून ठेवा. सात वर्षांच्या मुलाला दोन कृतींची सूचना सहज पेलायला हवी.

कोणत्या शब्दावर चूक होते तेही बघा. ‘डबा काढण्याआधी वही मिट’ म्हटल्यावर तो आधी डबा काढत असेल, तर कानावर आलं त्या क्रमाने तो वागतो आहे; ‘आधी’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. हेच ‘वही मिट. मग डबा काढ’ असं सांगितलं की जमतं. ‘सोडून’, ‘शिवाय’, ‘पैकी’ हे शब्दही असेच निसटतात. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत ते पावलोपावली येतात, म्हणून बेरीज येणारं मूलही तिथे चुकतं.

दुसरी शंका कानाची. त्याच सूचना त्याच्या मागे दोनतीन मीटरवर उभं राहून, नेहमीच्या आवाजात द्या. समोरून जमतं आणि मागून जमत नाही, असं झालं तर तो ओठांवरून समजून घेत असावा. सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, वाहतही नाही, पण ऐकू कमी येतं. हे कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे ‘मनात असेल तेव्हा बरं ऐकू येतं!’ असा शिक्का बसतो. ऑडिओमेट्रीबरोबर (किती ऐकू येतं ती तपासणी) टिम्पॅनोमेट्रीही (कानाचा पडदा नीट हलतो का ती तपासणी) करून घ्यायला पालकांना सांगा, कारण पडद्यामागचं पाणी टिम्पॅनोमेट्रीत कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं तेव्हा तुमच्या नोंदी त्यांच्या हातात द्या. पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळणं सोपं जातं.

तोवर वर्गात एवढं करा : आधी त्याचं नाव घ्या, त्याने वर पाहिलं की एकच सूचना द्या आणि मनात दहा मोजा. आपण सगळे इथेच घाई करतो. दोन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत सांगतो आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा सांगायचंच झालं तर त्याच शब्दांत सांगा. फळ्याच्या कोपऱ्यात वही, तारीख, बेरीज अशी तीन छोटी चित्रं काढून ठेवा आणि ‘समजलं का?’ऐवजी ‘आता पहिलं काय करशील?’ असं विचारा.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे, बोलताना अडखळते. शाळेने तिला प्रकटवाचनातून कायमची सूट दिली आहे. तिलाही सुटल्यासारखं वाटतं. हे योग्य आहे का?
– पालक, ठाणे

उत्तर : हेतू चांगला आहे, पण कायमची सूट नको. टाळलं की भीती वाढते आणि ‘हिलाच का नाही?’ हे वर्ग विचारतोच. शिक्षकांनी तिला एकटीला गाठून, तिला काय चालेल ते विचारावं. दोघींनी एका सुरात वाचणं हा सर्वांत सोपा मार्ग. अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं वाचन जोडीने खूपच सुरळीत होतं. परिच्छेद आदल्या दिवशी ठरवून द्यावा. बाकांच्या क्रमाने पाळी येऊ देण्यापेक्षा तिला पहिल्या दोघातिघांत घ्यावं, कारण वाट बघण्यातच ताण चढतो.

हजेरीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ‘हजर’ला किंवा स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो, म्हणून ती तिथे जास्त अडते. हात वर केला तरी चालेल, असं साऱ्या वर्गासाठीच ठरवावं. येत असलेल्या उत्तरालाही ती ‘माहीत नाही’ म्हणते का, तेही बघा. ते अडखळणं लपवणं असू शकतं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ या सूचना आणि तिचं वाक्य आपण पूर्ण करणं, दोन्ही बंद. तोंडी परीक्षेत वेळ वाढवून द्यावा आणि गुण उत्तराला द्यावेत, ओघाला नव्हे. दहाव्या वर्षी ‘आपोआप जाईल’ म्हणून थांबू नका, वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे.

प्रश्न : मेळघाटात पहिलीला शिकवतो. एक मुलगी घरी कोरकू बोलते, वर्गात दोन महिने गप्प आहे. घरी मराठी बोला, असं आईवडिलांना सांगू का?

उत्तर : नको. कोरकू आणि मराठी या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा, नव्या भाषेत शिरताना काही महिने गप्प राहणं स्वाभाविक आहे. ती घरी कोरकूत भावंडांसारखीच बोलते का, हे आजीला विचारा. तिथेही मागे असेल, तरच तपासणी.

प्रश्न : स्वमग्न विद्यार्थ्याला चित्रावर बोट ठेवून हवं ते सांगता यावं म्हणून चित्रतक्ता केला, पण तो वापरत नाही. शिवाय पालकांना वाटतं, चित्रं दिली तर तो बोलणारच नाही.
– विशेष शिक्षिका, नाशिक

उत्तर : चित्रांमुळे बोलणं थांबत नाही, उलट पुष्कळ मुलांचे शब्द वाढतात. तुमच्या तक्त्यावर पाणी, शू, डबा, खेळ एवढंच असावं असा आमचा अंदाज. या गोष्टी त्याला न मागताही मिळतात. ‘अजून’, ‘नको’, ‘थांब’, ‘मदत’, ‘संपलं’, ‘बघ’ हे घाला. सुरुवातीला ए-फोर कागदावर बारा चित्रं पुरेत, साधारण दोन इंचांची. जागा बदलू नका, कारण हाताला जागा लक्षात राहते. चित्रं वाढवायची तर कडेने वाढवा.

‘दाखव बघू, आंबा कुठंय?’ अशी परीक्षा घेतली की तक्ता नकोसा होतो. तुम्ही बोलताना स्वतः बोट ठेवा : ‘झोका *अजून*? की *संपलं*?’ त्याने ‘नको’वर बोट ठेवलं तर ते पाळा, निदान पहिले काही आठवडे. मोबाइलवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे असंच चित्रांचं अ‍ॅप मराठीत आहे. तरी कागदी प्रत हवीच, आणि ती कपाटात नको. मधल्या सुट्टीतही त्याच्याजवळ असू द्या.