लेखकाच्या हलाखीतल्या लहानपणावर, तरुणपणावर चांगला चरित्रपट कोणता? आणि गरिबीतूनच लेखक घडतो हे खरं का?

सोव्हिएत दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉयचे रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीवरचे तीन चित्रपट बघा. १९३८, १९३९ आणि १९४० साली आले. पहिला सगळ्यात सरस.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरतं. वडील गेल्यावर आम्ही मामांकडे राहायचो. दहावी झाल्याबरोबर मामांनी मला कामाला लावलं. पुढे शिकायचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं: "गॉर्कीनं बोटीवर भांडी घासली, काही अडलं का त्याचं?" गॉर्कीची एक ओळ वाचली नव्हती त्यांनी. कुठल्याशा भाषणात ऐकलेलं, तेवढ्यावर माझी फी वाचवली.

कमावता झाल्यावर मी त्यांना मुद्दाम पहिला भाग दाखवला. निझ्नी नोवगोरोद, आजोबांचा कापड रंगवायचा कारखाना, वाटणीसाठी एकमेकांच्या उरावर बसणारे अल्योशाचे, म्हणजे लहानग्या गॉर्कीचे, दोन मामा (इथे आमचे मामा जरा सावरून बसले), आणि पोरांना फटके. फटके बघून मामा म्हणाले, "बघ, मार खाल्ला म्हणून एवढा मोठा झाला!"

मी चित्रपट थांबवला. म्हटलं, मामा, त्या घरात मामेभावांनीही मार खाल्ला, त्यांची पुस्तकं कुठायत? आणि तो ग्रिगोरी? जन्मभर त्या कारखान्यात राबला, डोळे गेले, मग रस्त्यावर भीक मागत फिरला. त्याला कशानं घडवलं नाही?

अल्योशाला गोष्टी सांगणारी आजी होती. वार्वारा मासालितिनोवाने ती अशी केलीय की बाकीचे विसरायला होतात. आणि बोटीवर स्मूरी नावाचा आचारी भेटला, जो पोराला भांड्यांवरून उठवून पुस्तक वाचायला बसवायचा. उठवून! मामांनी नेमकं तेवढंच गाळलं होतं.

त्यावर ते म्हणाले, "आवाज कमी कर."

बाकी, हे स्टालिनच्या काळातले चित्रपट आहेत, तिसऱ्यात प्रचार फार जाणवतो. आधारही गॉर्कीच्या स्वतःच्या आठवणींचा, त्याही पंचेचाळिशीच्या आसपास लिहायला घेतलेल्या, तेव्हा सगळं जसंच्या तसं घडलं असं धरू नका. गरिबीत मजा असते म्हणणारा कुणी तुमच्याही घरात असेल, तर त्याला रशियातल्या कझान शहरातली गोष्ट सांगा. तिथे बेकरीत राबणाऱ्या गॉर्कीनं १८८७ साली स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. ती फुप्फुसात लागली आणि तो वाचला. मामांना हे सांगायचं माझं राहून गेलं.