वाचक विचारतात : भाजी बदलते, फोडणी मात्र तीच

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कामावर न्यायच्या डब्याविषयीची आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही हिंजवडीला नोकरीला जातो. बस सकाळी साडेसातला येत असल्यामुळे सातच्या आत डबा भरून व्हावा लागतो. रोज पोळी आणि सुकी भाजी एवढेच होते. भाज्या आम्ही आलटून पालटून करतो, तरीही डबा उघडण्याचा उत्साह राहिलेला नाही आणि चारच्या सुमारास कॅन्टीनमधला सामोसा किंवा वडा खाल्ला जातोच. पौष्टिक आणि वेगवेगळा डबा कसा जमवावा? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते की भाज्या बदलत असल्या तरी त्या करण्याची पद्धत बदलत नसावी. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी कोबी, बुधवारी गवार असा क्रम ठेवला, पण तिन्ही भाज्यांना मोहरी-हिंग-हळदीची तीच फोडणी, तोच गोडा मसाला आणि शेवटी तेच दाण्याचे कूट पडले, तर जिभेला तिन्ही दिवस सारखेच वाटतात. म्हणून नव्या भाज्या शोधण्याआधी नेहमीच्याच भाज्या वेगळ्या रीतीने कराव्यात. कोबीत रात्री भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालता येते, दोडक्यात किंवा पालकात मुगाची डाळ घालता येते, तोंडलीच्या काचऱ्या करता येतात, लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत होते आणि सिमला मिरची, कांद्याची पात किंवा मेथी पीठ पेरून करता येते. पीठ पेरताना भाजी अर्धवट शिजल्यावर बेसन चिमटीचिमटीने सगळीकडे भुरभुरावे, वर झाकण ठेवून त्या झाकणावर थोडे पाणी घालावे आणि मंद आचेवर दोन वाफा येईपर्यंत अजिबात ढवळू नये. पिठाचा कच्चेपणा गेल्यावरच उलथन्याने खालची बाजू वर करावी. घाईने ढवळले की पिठाचा लगदा होतो आणि दुपारपर्यंत त्याचा गोळा बसतो.

चार वाजता लागणाऱ्या भुकेचे कारण मात्र चवीत नसून डब्यात काय कमी आहे यात असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. दोन मध्यम पोळ्यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि वाटीभर फळभाजीतून जेमतेम एक-दोन. म्हणजे दिवसातले मुख्य जेवण होऊनही प्रथिनांची गरज सुमारे सहाव्या हिश्श्यानेच भागलेली असते. याच संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा व एकूण ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडचा नेहमीचा डबा याच्या नेमका उलट भरलेला असतो. तीन पोळ्यांनी मोठा कप्पा अडवलेला आणि भाजी कोपऱ्यात!

तेव्हा डब्याचा विचार पोळीपासून न करता उसळीपासून करावा, असे मी सुचवेन. मटकी, मूग, मसूर, चवळी, हिरवे वाटाणे आणि थंडीतले ओले पावटे किंवा डाळिंब्या यांपैकी एक रोज आणि माणशी ३० ग्रॅम कोरडे कडधान्य एवढे प्रमाण पुरते. त्यातून साधारण सात ग्रॅम प्रथिने वाढतात. मटकी शनिवारी सकाळी भिजवावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी, म्हणजे रविवारी सकाळी मोड येतात आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ती दोन-तीन दिवस चांगली राहते. उसळ रात्रीच्या स्वयंपाकातच थोडी जास्त करावी, निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी चांगली उकळी येईपर्यंत गरम करून डब्यात भरावी. मग सकाळच्या घाईत पोळ्या आणि एकच भाजी एवढेच काम उरते. अंडी चालत असतील तर एका उकडलेल्या अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासाठी वेळही लागत नाही.

धान्यांतही बदल हवा, पण ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते ही तक्रार खरी आहे. पिठाची उकड काढून केलेली भाकरी त्या मानाने मऊ राहते. त्याहून सोपे म्हणजे ताकात किंवा दह्यात पीठ भिजवून केलेले धपाटे किंवा भाजणीचे थालीपीठ. नाचणी मुद्दाम वेगळी करण्याची गरज नाही. तीन भाग कणकेत एक भाग नाचणीचे पीठ मिसळले तरी पोळ्या नीट लाटल्या जातात. जवस, कारळे, तीळ आणि लसूण यांच्या कोरड्या चटण्यांच्या लहान बाटल्या मात्र कामाच्या जागी खणातच ठेवून द्याव्यात. रोज सकाळी आठवणीने भरायच्या वस्तू जितक्या कमी तितके बरे.

प्रश्न : मी वाकडला एकटा राहतो. एकच शेगडी आहे आणि पोळ्या मला येत नाहीत. पोळी-भाजी केंद्रातून दोन्ही आणून डब्यात भरतो. हे आरोग्याला योग्य आहे का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : पोळ्या विकत आणण्यात काहीही गैर नाही. पुण्यातील कितीतरी घरांत, जिथे स्वयंपाक येणारी चार माणसे आहेत तिथेही, पोळ्या केंद्रातूनच येतात. भाजी मात्र शक्यतो आपण स्वतः करावी, कारण विकतच्या भाजीत तेलाचा हात सैल असतो आणि उसळ म्हणून मिळते त्यात बऱ्याचदा कडधान्यापेक्षा रस्साच अधिक असतो. संध्याकाळी आणलेल्या पोळ्या निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि सकाळी तव्यावर दोन्ही बाजूंनी गरम करून घ्याव्यात.

एका शेगडीवर होणारे पदार्थही पुष्कळ आहेत. छोट्या कुकरमध्ये तांदळाच्या निम्मी मुगाची डाळ आणि हाताला लागतील त्या भाज्या घालून खिचडी होते. झुणक्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. हिरवे मूग रात्री भिजवून सकाळी आले, मिरची आणि जिरे घालून वाटले की त्याची धिरडी घालता येतात. पीठ आंबवायचे नसल्यामुळे थंडीतही अडत नाही. सोबत एक काकडी किंवा गाजर अख्खेच न्यावे आणि तिथे कापून खावे, हे एकट्या माणसाला सर्वांत सोयीचे.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात डब्यातला भात आणि आमटी दोनदा आंबली. आमच्या कार्यालयात फ्रीज नाही, मायक्रोवेव्ह आहे. गरम करून खाल्ले तर चालते का? (एक वाचक, कॅम्प)

उत्तर : वास आलेले किंवा आंबलेले अन्न गरम करून खाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वेगाने वाढतात आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकत असताना सकाळी सातला भरलेला डबा एक वाजता उघडला, तर सहा तास उलटलेले असतात. भाताच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. त्यातील काही जंतूंची बीजे शिजवूनही टिकतात, कोमट भातात ती वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. आदल्या रात्री ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करून डब्यात नेण्याची आपली आवडती पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. भात उरला तर तो ताटात पसरून लवकर निववावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा.

उन्हाळ्यात पातळ आणि गरम पदार्थांसाठी दुहेरी भिंतीचा, उष्णता टिकवणारा डबा घ्यावा. त्यात आधी उकळते पाणी घालून पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावे, ते ओतून टाकावे आणि मगच उकळती आमटी काठोकाठ भरावी. थंड डब्यात कोमट आमटी भरली तर तो डबा जंतूंना ऊबच देतो. असा डबा नसेल तर मेअखेरपर्यंत भात-आमटी, ओले खोबरे घातलेल्या भाज्या आणि बटाट्याचे ओलसर पदार्थ टाळावेत. त्याऐवजी कोरडी परतलेली उसळ, मेथीचे थालीपीठ, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे असा कोरडा डबा न्यावा व तोही बर्फाच्या पिशवीसोबत इन्सुलेटेड पिशवीत ठेवावा. पोळ्या गरम असतानाच डब्यात कोंबू नयेत. झाकणाला धरलेले पाणी त्यांच्यावरच ठिबकते आणि त्या चिकट होतात.

प्रश्न : मला मधुमेह आहे. डब्यात पोळीऐवजी ज्वारीची भाकरी नेली तर ती कितीही चालते, असे सहकारी म्हणतात. ते खरे आहे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. ज्वारीतही पिष्टमय पदार्थच मुख्य आहेत, त्यामुळे प्रमाण पाळावेच लागते. भाकरीत कोंडा राहतो हा तिचा गुण आहे, पण दोन जाड भाकऱ्या तीन पातळ पोळ्यांपेक्षा जास्तही भरू शकतात. डब्यातली कोशिंबीर आणि उसळ आधी खावी, भाकरी नंतर. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कामाच्या गडबडीत जेवण लांबवू नये आणि धान्याचे नेमके प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : काकडीची कोशिंबीर दुपारपर्यंत पाणीदार होते. काय करावे? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : मिठामुळे काकडीला पाणी सुटते, म्हणून मीठ घरी घालूच नये. काकडी कोचवून किंवा चिरून, त्यात दाण्याचे कूट, मिरची आणि गार झालेली फोडणी घालून न्यावी. मीठ पुडीत, लिंबाची फोड वेगळी आणि दही घालायचे असल्यास लहान झाकणाच्या डबीत घ्यावे. उन्हाळ्यात दही वगळून लिंबावरच भागवावे. गाजर किंवा कोबीच्या कोशिंबिरीला ही अडचण फारशी येत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासाला त्याच बऱ्या.