ॲमस्टरडॅमजवळच्या शांत, झाडीच्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचं आहे. काय बघावं?

तुमच्या मिस्टरांना ॲमस्टरडॅम झाउदला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, नोकरी लागली आहे, मुलं लहान आहेत, आणि तुम्ही विचारलंय की शेजारच्या ॲमस्टेलवीन गावात बागेचं घर घ्यावं, स्टेशनजवळचा फ्लॅट घ्यावा, की हार्लेम बघावं. शेवटी एक ओळ जोडली आहे: "आपल्या फोडणीच्या वासावरून घरमालक कटकट करतात म्हणे, तर आपणच थोडं जमवून घ्यावं का?" पहिल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला दहा जण येतील. मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या ओळीमुळे. नाही, जमवून घेऊ नका.

आधी घराचं सांगते. लहान मुलं असतील तर बागेचं घर घ्या, यात मला शंकाच नाही. आम्ही ॲमस्टेलवीनच्या दक्षिणेकडे वार्डहाउझनमध्ये राहिलो. सत्तर-ऐंशीच्या दशकातली वस्ती, ओळीने एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, पुढे हातभर बाग, मागे तिच्याहून मोठी, आणि मागच्या बागेच्या टोकाला सायकलींची लाकडी खोली. गल्ल्या मुद्दाम वळणावळणाच्या आखल्या आहेत, त्यामुळे ज्याचं तिथे घर नाही तो गाडी घेऊन आत शिरतच नाही. यातल्या काही गल्ल्या 'वोनएर्फ' असतात. तिथे गाडीला ताशी १५ किलोमीटरची मर्यादा आणि मुलांना रस्त्यावर खेळायची मुभा. ही कल्पना डेल्फ्टमध्ये सुरू झाली आणि १९७६ साली तिला कायद्यात जागा मिळाली. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा मी मुलाला एकटं सोडत नव्हते. इथे तो शाळेतून आला की दप्तर दारात टाकून दिवेलागणीपर्यंत बाहेर असायचा.

शिवाय सायकलच्या अंतरावर ॲमस्टरडॅमसे बोस. साधारण एक हजार हेक्टरांचं हे जंगल १९३४ पासून, मंदीच्या काळात, बेकारांना कामाला लावून हाताने खणून वसवलेलं आहे. त्यातच क्रिकेटचं मैदान आहे, १९९९ च्या विश्वचषकातला एक सामना तिथे झाला होता. आणि चेरीची चारशे झाडं आहेत, ती २००० साली इथल्या जपानी बायकांच्या मंडळाने दिलेली. एप्रिलमध्ये सगळं गाव चटया घेऊन त्या झाडांखाली बसतं. बाहेरून आलेल्यांनी लावलेली झाडं आज गावाची आहेत, हे लक्षात असू द्या. पुढे त्यावर येणारच आहे.

शांततेबद्दल मात्र जाहिरातीवर विसंबू नका. स्किपोल विमानतळ अगदी शेजारी आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की बाउटनवेल्डर्ट धावपट्टीवर उतरणारी विमानं ॲमस्टेलवीनच्या उत्तरेकडून खाली येतात. निवांत दिवशी घर बघून भुलायला होतं, म्हणून एकदा वाऱ्याच्या दिवशी त्या गल्लीत जाऊन उभ्या राहा. ए-९ महामार्ग गावाच्या मधोमध जातो, त्यापासूनही लांब घर घ्या. हार्लेम देखणं आहे, पण ॲमस्टेलवीनहून २५ नंबरची ट्राम थेट झाउद स्टेशनला नेते. हार्लेमहून रोजच्या येण्याजाण्यात बराच जास्त वेळ जाईल, आणि तो मुलांच्याच वाट्याचा वेळ असतो.

भाडं जबर आहे. तीन बेडरूमच्या घराला महिना दोन हजार युरोंच्या वरच धरा, अडीच-तीन हजारही मागतात. पगार भाड्याच्या तीन ते चार पट लागतो. बरेच घरमालक भाड्याची घरं विकून मोकळे होत आहेत, म्हणून एका घरामागे रांग असते. 'काल' (डचमध्ये उघडं-बोडकं) लिहिलेलं घर घेऊ नका, त्यात जमिनीवर लाकूडसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू तेही उचलून घेऊन जातो. 'खेस्टोफेर्ड' बघा, म्हणजे निदान जमीन आणि पडदे असतात.

आता मूळ मुद्दा. घर बघायला गेलो तेव्हा एजंटबाईंनी मिस्टरांना पगार विचारला आणि मला विचारलं, "तुम्ही रोज भारतीय स्वयंपाक करता का?" मी म्हटलं, हो, रोज, दोन्ही वेळा. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलणार नव्हते. घर मिळालं. स्वयंपाकघर बैठकीला लागूनच उघडं होतं आणि चिमणी बाहेर हवा फेकणारी नव्हती, कोळशाच्या गाळणीतून हवा परत घरात सोडणारी होती. त्या गाळण्या मी वेळच्या वेळी स्वतःच्या पैशाने बदलल्या आणि पावत्या ठेवल्या. मागच्या बागेतला एक पट्टा खणून मेथी आणि कोथिंबीर लावायची होती, तर आधी ईमेल करून परवानगी मागितली. एका ओळीचं उत्तर आलं, "काही हरकत नाही." उन्हाळ्यात इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, मेथी अशी तरारून येते की शेजारीपाजारी वाटूनही उरायची.

घर सोडताना त्याच बाईंच्या कचेरीतून हिशेब आला. स्वयंपाकघराला "मसाल्याच्या वासामुळे" पुन्हा रंग, बैठकीचे सगळे पडदे नवे, आणि मागची बाग उकरून नवी हिरवळ. चार हजार युरोंहून जास्त बोर्ग, म्हणजे अनामत रक्कम, होती, तिच्यातलं जवळजवळ काहीच परत येणार नव्हतं.

त्याच आठवड्यात गणपतीचं जेवण होतं. माझ्या नणंदेचे यजमान आमच्या आधीपासून होफडॉर्पला आहेत, आणि नव्याने येणारे त्यांना विचारूनच सगळं करतात. त्यांनी भर पंगतीत सांगितलं, "वहिनी, सोडून द्या. आपण इथे पाहुणे. भांडलो तर आपल्याच लोकांचं नाव खराब होतं, पुढच्यांना घर मिळत नाही." पंगतीत माना डोलल्या. मी एवढंच म्हटलं, "भावजी, पाहुण्याकडून महिन्याच्या महिन्याला भाडं कोणी घेत नाही." त्यावर विषय बदलला गेला. पण माझ्यासाठी तो अजून संपलेला नाही, म्हणून इथे नीट मांडते.

घरात शिरताना झालेल्या पाहणीचा कागद माझ्याकडे होता. त्यात स्वयंपाकघराच्या छतावर पिवळसर डाग आधीपासून असल्याची नोंद होती, सोबत फोटो. पडदे आम्ही आलो तेव्हाच जुने होते, आणि वापराने होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. बागेची ईमेल होतीच. डच कायदा इथे आपल्या बाजूने आहे: सुरुवातीच्या स्थितीचा कागदच केलेला नसेल, तर घर सोडताना जसं आहे तसंच ते मिळालं होतं असं धरलं जातं, आणि उलट सिद्ध करणं घरमालकाचं काम. १ जुलै २०२३ पासूनच्या नियमांनुसार नव्या करारात बोर्ग दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. करार संपल्यावर ती १४ दिवसांत परत करायची. काही कापायचं असेल तर ३० दिवसांत, आणि कशाचे किती कापले हे लेखी द्यायचं. "वास" हे कलम कुठेही नाही.

मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. प्रत्येक मुद्द्याला कागद जोडला, बिलं मागितली, आणि चौदा दिवसांत पैसे आले नाहीत तर कांटोनरेख्टरकडे जाईन असं लिहिलं. हे न्यायाधीश २५,००० युरोंपर्यंतचे दावे बघतात आणि तिथे वकील करावाच लागत नाही. पत्राची एक प्रत सिंगापूरला असलेल्या घरमालकालाही धाडली. त्यांचं उत्तर आधी आलं. त्यांच्या नावावर हे चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि मेथीचा वाफा तसाच राहू द्या असं त्यांनी लिहिलं. पूर्ण बोर्ग खात्यात जमा झाली. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

भावजींनी आधीचा फ्लॅट सोडताना स्वतःची बोर्ग अशीच सोडली होती, आणि "शांतपणे सुटलो" असं अजून अभिमानाने सांगतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आपण निमूटपणे पैसे सोडतो तेव्हा त्या कचेरीला कळतं की भारतीय कुटुंबाच्या हिशेबात "मसाला" लिहिला की चालून जातं. मग आपल्या मागून येणाऱ्या मुलीलाही तोच हिशेब मिळतो. नाव खराब होतं ते असं. वर्षानुवर्षं भाडं वेळेवर भरलं, कचऱ्याचा आणि पाण्याचा कर भरला, बाग राखली, म्हणजे ते घर त्या काळापुरतं आमचं होतं. घरमालकाला किल्ली फिरवून न विचारता आत यायचाही अधिकार नसतो. मग आमच्या चुलीवर काय शिजतं याचा दंड तो कुठून लावणार?

शेजाऱ्यांचं वेगळं, त्यांच्याशी जरूर जमवून घ्या. आमच्या शेजारच्या आजी तोंडावर सांगायच्या. कुंपणाची झाडं वाढली, तुमची पानं माझ्या पन्हळीत येतात. त्यांचं बरोबर होतं. भाड्याच्या घरातही गवत कापणं, तण काढणं, कुंपण छाटणं ही कायद्याने भाडेकरूची कामं आहेत, आणि इथे कोणी माळी ठेवत नाही. त्यांनीच शिकवलं की साधारण १५ मार्च ते १५ जुलै पक्षी घरटी करतात, तेव्हा कुंपणाला कात्री लावायची नाही. रविवारी ड्रिल चालवू नका, अंगणात रात्री उशिरापर्यंत गाणी लावू नका. ज्याला खरोखर त्रास होतो त्याचं ऐकायचं. पण रिकाम्या घराचा वास घेऊन बिल बनवणाऱ्याचं ऐकायचं कारण नाही.

थोडं कामाचं, घाईत. एजंट घरमालकाच्या वतीने घर दाखवत असेल तर तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही, २०१५ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णय दिला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे करार सहसा बेमुदत असतात. घरमालक परदेशातून परत येणार असेल तर तो तसं कलम घालू शकतो, आमच्या करारात होतं. इथे घराचा आकार आणि सोयी बघून त्याला गुण देतात; त्याच तारखेपासून १८६ गुणांपर्यंतच्या घरांच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, आणि २०२५ पासूनच्या करारासोबत गुणांचा तक्ता द्यावा लागतो. तो मागून घ्या. गुणांपेक्षा भाडं जास्त वाटलं तर पहिल्या सहा महिन्यांत ह्यूरकमिसीकडे, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येतं, पण बागेची घरं बहुधा त्या मर्यादेच्या वरच निघतात. घर न बघता एक युरोही पाठवू नका. कडास्टरमधून, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी नोंदवहीतून, काही युरोंत खरा मालक कोण ते कळतं. आणि जिथे नाव नोंदवू देत नाहीत ते घर कितीही हिरवं असलं तरी सोडा. आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंदणी करायची असते, पत्त्याशिवाय ती अडते, आणि तिच्याशिवाय बँक आणि विमाही रखडतात.

सगळेच एजंट तसे नसतात, हेही सांगायला हवं. आम्हाला दुसरं घर दाखवणारा मुलगा अत्यंत सरळ होता. आणि माझ्याकडे कागद होते म्हणून मी एवढ्या ठामपणे लढले. तुमच्याकडे नसतील तर प्रकरण लांबतं. म्हणून किल्ली हातात येईल त्या दिवशी छत, ओट्यामागच्या फरशा, पडद्यांच्या कडा, बागेतलं गवत, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी एजंटला ईमेल करून टाका.

मिस्टरांची कंपनी करार स्वतःच्या नावावर करते म्हणाली तर नको म्हणा. मग भाडेकरू कंपनी होते, बोर्गसाठी भांडायचा हक्कही तिचाच, आणि चार हजार युरोंसाठी कुठलीही कंपनी भांडत बसत नाही. करार मिस्टरांच्या नावावर असू द्या. लग्नाची बायको त्याच घरात राहत असेल तर ती कायद्याने सहभाडेकरू असते. पत्रावर सही तुम्हीही करू शकता. आमच्या पत्रावर माझी होती.