रोज पालक, तरी हिमोग्लोबिन ९.६

प्रश्न : वय ३८, शाकाहारी. रोज पालक नाहीतर बीट खाते, तरी हिमोग्लोबिन ९.६. दम लागतो, चिडचिड होते, हातापायांना मुंग्या येतात. काय चुकतंय?

उत्तर : पालकातलं लोह अंगी फार कमी लागतं. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचंच. पत्रात चहाचा उल्लेख नाही, पण आधी तेच विचारावं लागेल. जेवणासोबत किंवा जेवून लगेच चहा घेतला, की त्यातलं टॅनिन धान्य-भाज्यांतल्या लोहाला बांधून ठेवतं. चहा सोडू नका, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर टाळा. पोह्यांबरोबरचा सकाळचा कपही यात आला. तिथंच बहुतेकांचं अडतं.

पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा, तेही गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. जेवणात आवळ्याची किंवा पेरूची फोड ठेवा. मटकी रात्रभर भिजवून मोड आणा. लोह अडवणारं फायटेट त्यानं घटतं. आमसुलाची आमटी लोखंडी कढईत करा आणि शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते.

मात्र ९.६ वरून वर यायला नुसता आहार पुरणार नाही. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, त्यात पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर तूट वाढतच जाते. गोळ्या लागतील. त्या दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाला तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा, वेळापत्रक बदलता येतं.

मुंग्या आणि चिडचिड यांमुळे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचीही शंका येते. विसराळूपणा, उदासपणाही त्यातून येतो. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं : गरज रोजची २.२ मायक्रोग्रॅम, आणि पेलाभर (२०० मिलि) दुधात जेमतेम १. चहातलं दूध हिशेबात धरू नका.

गोळ्या सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. लोहाच्या बऱ्याच गोळ्यांत फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्ताचे आकडे सुधारतात आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. थायरॉइडही पाहा, थकवा त्याचाही असतो.

प्रश्न : यजमान मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात. त्यांच्या तळपायांनाही मुंग्या येतात. साखरेमुळेच ना?

उत्तर : असेल, पण मेटफॉर्मिननंही बी-१२ कमी होतं. ते तपासा. औषध मनानं बंद करू नका.