वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची बोर्दो आणि कोल्हापूरचा उन्हाळा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये नोकरीस असून गावी येताना दर खेपेस बोर्दोच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या घेऊन येतो. या वाइन वर्षानुवर्षे मुरू द्याव्यात, असे त्याचे सांगणे आहे. मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, लाकडी पेटीत, मी त्या जपून ठेवल्या आहेत. ही व्यवस्था योग्य आहे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेटी योग्य आहे, माळा मात्र घरातील सर्वांत वाईट जागा आहे. वाइन मुरण्यासाठी साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते वर्षभर स्थिर असावे लागते. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालचा माळा दुपारी भट्टीसारखा तापतो आणि वळवाचा पाऊस पडून गेला की काही तासांत गार होतो. हा चढउतार नुसत्या उष्णतेइतकाच घातक असतो, कारण तापलेली वाइन प्रसरण पावून बूच बाहेर ढकलते आणि ती निवली की त्याच फटीतून हवा आत शिरते. आपण आजच बाटल्या खाली काढून एकेक उजेडात पाहावी. बूच तोंडाच्या कडेपेक्षा वर आलेले दिसत असेल, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ असेल किंवा वाइनची पातळी मानेखाली उतरली असेल, तर ती बाटली आणखी न ठेवता लवकर उघडलेली बरी.

बाकीच्या बाटल्या जाड भिंतींच्या माजघरात, जमिनीलगत, अंधारात आणि आडव्या ठेवाव्यात. आडवी बाटली बूच ओले ठेवते. ते सुकून आकसले की हवा आत जाते. फिरकीचे झाकण असेल तर बाटली उभी राहिली तरी चालते. माजघरातली ही सोय काही महिन्यांपुरतीच समजावी. दहा वर्षे ठेवायचे मनात असेल, तर वाइनसाठीचे वेगळे शीतकपाट घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेही कॉम्प्रेसरचेच घ्यावे. कॉम्प्रेसर नसलेली स्वस्त कपाटे खोलीच्या तापमानाहून ठरावीक अंशच खाली उतरतात, त्यामुळे ऐन मे महिन्यात ती हात टेकतात. वीज दोन-चार तास गेली तर घाबरू नये, फक्त दार उघडू नये. घरातला फ्रीज उन्हाळ्यापुरता चालेल. तो फार थंड आणि कोरडा असतो, म्हणून तिथे वर्षे काढू नयेत. पावसाळ्यातील दमट हवा बुचाला मानवते, परंतु लेबलांवर बुरशी चढते, तेव्हा बाटल्यांना सैलसर पातळ प्लास्टिक गुंडाळावे.

जाता जाता एक आठवण : महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास परवाना लागतो आणि साठ्यालाही मर्यादा आहे. संग्रह वाढवण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या लग्नात भेट आलेल्या नाशिकच्या दोन बाटल्या, एक शेनिन ब्लाँ (पांढरी) आणि एक शिराझ (रेड), लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडण्याचा विचार आहे. तोवर त्या उत्तम होतील ना?
— एक वाचक दांपत्य, ताराबाई पार्क

उत्तर : नाही. शेनिन ब्लाँ यंदाच, थंड करून प्यावी. शिराझ तीन-चार वर्षांत संपवावी. जगातील बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच बनते. दीर्घकाळ टिकण्यासाठी तिच्यात भरपूर आंबटपणा, तुरटपणा देणारे टॅनिन किंवा साखर असावी लागते. नाशिकची द्राक्षे हिवाळा सरताना, ऊन चढू लागल्यावर खुडली जातात आणि उन्हात द्राक्षातला आंबटपणा झपाट्याने उतरतो. आपल्याकडच्या काही रेड वाइन याहून थोड्या अधिक टिकतात. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची ‘सेत्ते’, जी सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षजातींच्या मिश्रणातून होते, काही वर्षे ठेवून पाहण्याजोगी आहे. पंचवीस वर्षांचीच हौस असेल, तर इटलीची बारोलो, फ्रान्सची गोड सोतेर्न किंवा पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट घ्यावी.

प्रश्न : गोव्याहून आणलेली पोर्ट वाइन किती वर्षे ठेवावी?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मुळीच ठेवू नये. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात, आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाचा स्पिरिट घालून बनते, आणि तिच्यात सुमारे २० टक्के मद्यार्क असतो. गोव्यातील स्वस्त गोड वाइनचे फक्त नाव तेच. शिवाय परवान्याविना ती सीमेपलीकडून आणणे गुन्हा आहे, हे आंबोली घाट चढताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : जुनी बाटली उघडायची कशी आणि तिच्याबरोबर तांबडा रस्सा चालेल काय?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. हा गाळ रंगद्रव्ये आणि टॅनिन एकमेकांना चिकटून तयार होतो. तो निरुपद्रवी पण कडवट असतो. जुने बूच ठिसूळ झालेले असते. ते मळसूत्राने हमखास तुटते, म्हणून दोन चपट्या पात्यांचे उघडणे वापरावे आणि पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून दाबत, पिळत बूच वर काढावे. मग मानेमागे मेणबत्ती किंवा विजेरी धरून वाइन एका धारेत काचेच्या भांड्यात ओतावी आणि गाळाची काळसर रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की थांबावे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा समजावा. त्यावर उपाय नाही. रेड वाइन १६ ते १८ अंशांवर खुलते, तेव्हा आपल्याकडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागते.

तांबडा रस्सा मात्र नको. तिखटाने मद्यार्काची आग आणि टॅनिनचा तुरटपणा दोन्ही वाढतात, आणि जुन्या वाइनमधला सुकल्या पानांचा, चामड्याचा, तंबाखूचा नाजूक वास त्याखाली चिरडला जातो. पांढऱ्या रश्श्याचाही मोह आवरावा, त्यातली मिरी दिसत नाही इतकेच. लहान मुलांसाठी बाजूला काढतात ते अळणी मटण, मीठ बेताचे घालून, या वाइनशी फार चांगले जमते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच-सहा पेले होतात, आणि जुनी वाइन उघडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, तेव्हा चार-पाच जणांना आधीच बोलावून ठेवावे.